घड्याळ, मार्गे नेवासा

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. राहुरीहून नेवासा, कोपरगावमार्गे येणारे घड्याळ श्रीरामपूर येथे लागत आहे. प्रवाशांनी चढण्या-उतरण्याची घाई करू नये."

दुपारी साडेतीनच्या सुमारास आमच्या गल्लीत ही घोषणा झाली की समजायचं, शेजारच्या दानियलकाकांचं आणखी एक घड्याळ चालू झालं. काका गॅलरीत उभे राहतात, एक हात कानामागे धरतात आणि पूर्ण आवाजात घोषणा करतात. माईक नसतो आणि त्याची गरजही नसते. काकांनी सगळी नोकरी एसटीत काढली, त्यातली शेवटची बरीच वर्षं श्रीरामपूरच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून. तालुक्यातल्या निम्म्या माणसांनी त्यांचा चेहरा पाहिलेला नसेल, पण त्यांचा आवाज ऐकून धावत जाऊन गाडी पकडलेली आहे. मागे एकदा माझे साडू आमच्याकडे जेवून दुपारचे लवंडले होते. घोषणा ऐकून ते दचकून उठले, बॅग उचलली आणि जिना उतरायला लागले. चपला घालता घालता मला विचारत होते, "कितव्या फलाटाला?"

काका घड्याळं दुरुस्त करत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण नवखा माणूस नेमका तिथेच फसतो. काका घड्याळं जुळवतात. एकाचं मशीन, दुसऱ्याची डायल, तिसऱ्याची केस, चौथ्याचे काटे. आमच्या भागात घरटी एक तरी बंद घड्याळ असतंच. सासऱ्यानं लग्नात दिलेलं, आता ट्रंकेत जुन्या रेशनकार्डाखाली पडलेलं. टाकवत नाही आणि घालताही येत नाही. लोक ते काकांना आणून देतात आणि मोकळे होतात. बाजाराच्या दिवशी भंगारवाल्यांकडेही काकांची एक चक्कर असते. त्या काळची चावीची घड्याळं बहुतेक एकाच सरकारी कारखान्यातली, त्यामुळे ह्याचं त्याला बसतं. काकांच्या भाषेत, "एकाच डेपोच्या गाड्या रे. स्टेपनी कुठलीही चालते."

घड्याळ चालू झालं की पट्ट्याला दोऱ्यानं पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधायचा आणि त्यावर बारीक अक्षरात मार्ग लिहायचा. मशीन ज्या गावचं, तिथून गाडी सुटली. डायल, केस, काटे हे मधले थांबे. एका घड्याळावर नुसतंच 'शिर्डी–शिर्डी' लिहिलेलं होतं. वाटण्या झालेल्या दोन भावांनी आपापलं बंद घड्याळ आणून दिलं होतं, त्यातून ते एक झालं. "ही सिटी बस," काका म्हणाले.

कपाळावर इलॅस्टिकनं बांधलेलं भिंग, अंगात अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट आणि पुढ्यात स्टीलचं ताट. ताटाला काठ असतो म्हणून स्क्रू घरंगळत नाही, हे त्यांचं संशोधन. ते भिंग कपाळावर तसंच ठेवून ते भाजीलाही जातात. एकदा एक स्क्रू ताटातूनही निसटला. काकांच्या शब्दांत, "प्रवासी हरवला." तीन दिवस आम्ही काठीला लोहचुंबक बांधून अख्खी खोली धुंडाळली. रविवारी चर्चमध्ये सगळे डोळे मिटून प्रार्थनेत असताना काकांना तो पँटच्या दुमडीत लागला. ते मोठ्यानं ओरडले, "सापडला!" पास्टरसाहेबांनी डोळे न उघडता तितक्याच मोठ्यानं 'आमेन' म्हटलं.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मी काकांकडे जाऊन बसतो. त्यांच्या बाहेरच्या खोलीत चाळीसेक घड्याळं खिळ्यांना टांगलेली आहेत आणि प्रत्येकात वेगळी वेळ आहे. सगळी एका वेळेला का लावत नाही, असं मी विचारलं होतं. काका म्हणाले, "सगळ्यांनी एकदम पोहोचून काय करायचंय? गर्दी होते."

पहिले काही दिवस मला तिथे गरगरायचं. नंतर सवय झाली, आणि नंतर ओढ लागली. खिडकीतून ऊन फरशीवर येतं, हळूहळू ताटापर्यंत सरकतं, ताटातले बारीक भाग चमकतात. चाळीस टिकटिकी एकमेकींत मिसळतात आणि वेगवेगळ्या ऐकू येत नाहीत. डोळे जड होतात. एका खिळ्यावर पहाटेचे पाच असतात, तिथे माझी आई अजून चुलीपुढं बसलेली असते. शेजारच्या खिळ्यावर शाळा सुटायची वेळ असते आणि मी दप्तर घेऊन कालव्याच्या कडेनं निघालेला असतो. पलीकडे दिवेलागण. आपण नक्की कितव्या वर्षात बसलोय, हेच कळेनासं होतं. त्या खोलीत मला जितकी शांत झोप लागली तितकी घरीही कधी लागली नाही. बायको म्हणते, "तुमचं दुकान त्या म्हाताऱ्याच्या घड्याळांनी बुडणार." ती बरोबर बोलते, पण मी जायचा थांबत नाही.

काका घड्याळ विकत नाहीत. देतात, आणि तेही मनाला येईल तेव्हा. महिनोन् महिने माणसाकडे बघत राहतात, मग एक दिवस घड्याळ खिळ्यावरून काढून त्याच्या हातात बांधतात. पास्टरसाहेबांना दिलेलं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे आहे. प्रवचन वेळेत संपावं, ही त्यामागची भक्ती. मला दिलेलं सात मिनिटं मागे आहे. "तू तसाही उशिरा दुकान उघडतोस," काका म्हणाले. "निदान घड्याळानं तरी तुझी बाजू घ्यावी."

आता मंदाबाईची गोष्ट सांगायला हवी, कारण त्या गोष्टीनंतर मी काकांची चेष्टा थोडी कमी केली.

मागच्या दिवाळीच्या आधी पाथर्डीकडून ऊसतोडीची एक टोळी नाशिककडच्या कारखान्याला निघाली होती. त्यांचा ट्रॅक्टर नेमका माझ्या दुकानासमोर पंक्चर झाला. ट्रॉलीत गाद्या, भांडी, कोंबड्या, पोरं. त्यातून पस्तिशीची एक बाई उतरली आणि मला म्हणाली, "दादा, हितं जुनी घड्याळं चालू करनारं बाबा कुटं ऱ्हात्यात?"

मी तिला काकांकडे नेलं. तिनं कमरेच्या पिशवीतून रुमालात बांधलेलं घड्याळ काढलं.

"बापाचं हाय. त्यो गेला तवापासनं बंद पडलंय. पोरगी माझी नर्शिंगला हाय नगरला. वॉर्डात जायाला लागली की नाडी मोजाया शेकंदाचा काटा लागतो म्हनं. बाप लई म्हनायचा, माझं घड्याळ नातीच्या हातात पायजे."

"मी दुरुस्ती करत नाही, बाई."

"मंग काय करता?"

काकांनी घड्याळ घेतलं आणि झाकण उघडलं. बराच वेळ भिंग लावून बघत राहिले. मग मला म्हणाले, "सुनील, हे मशीन बघ. कारखान्यातून निघालं तसं आहे. कुणाचा हात लागलेला नाही." नुसती कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, तुटली होती. ती मिळाली की चालू होईल, असं ते मंदाबाईला म्हणाले. "येताना घिऊन जाते," असं म्हणून ती ट्रॉलीवर जाऊन बसली. काकांनी घड्याळाला चिठ्ठी बांधली: 'पाथर्डी, मंदाबाई'.

काकांचा एक नियम होता, स्टँडवरच्या सवयीतून आलेला. कुणी घड्याळ ठेवून गेलं आणि दोन महिन्यांत फिरकलं नाही, तर ते बेवारस समजायचं आणि त्याचे भाग ताटात घ्यायचे. एरवी त्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

नाताळात रोहन येणार होता. रोहन हा काकांचा एकुलता एक मुलगा, बंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. काकू गेल्यानंतर चार वर्षांत तो पहिल्यांदाच घरी येत होता. काकांनी खोलीला चुना दिला, दारावर कागदाचा तारा टांगला, आमच्या घरून करंज्यांचा साचा नेला आणि तो मोडून परत केला. रोहन चार दिवस राहिला. त्याच्या मनगटावर काळ्या काचेचं एक यंत्र होतं, ते त्याची पावलं मोजायचं आणि झोपही मोजायचं. काकांना त्याचं फार नवल वाटलं. "झोपलेल्या माणसाची हजेरी घेतं रे हे," ते मला म्हणाले.

तो गेल्यावर काकांनी सांगितलं की रोहनला एक घड्याळ जुळवून दिलंय, आजवरचं सगळ्यात चांगलं. मार्ग: श्रीरामपूर–बंगळूर, विनाथांबा. त्यानंतर आठवड्यातून एकदा तरी त्या घड्याळाची बातमी यायचीच. मीटिंगमध्ये साहेबानं रोहनचा हात धरून घड्याळ बघितलं. एक मद्रासी मित्र तसंच मागतोय. लिफ्टमध्ये कुणी अनोळखी बाईनं विचारलं. आम्ही गल्लीतले लोक ऐकायचो आणि खूश व्हायचो. मला तर जरा हेवाच वाटायचा.

उन्हाळ्यात ऊस संपला, टोळ्या परतायला लागल्या, आणि एका दुपारी मंदाबाई काकांच्या दारात उभी राहिली. मी नेहमीप्रमाणे तिथे पेंगत होतो.

"बाबा, झालं का माझं घड्याळ?"

काकांनी तिला पाणी दिलं. चहा ठेवला. चहात साखर घातली आणि पुन्हा एकदा घातली. मग तिच्यासमोर स्टुलावर बसून म्हणाले, "बाई, माझ्याकडून चूक झाली. मी ते सुटं केलं."

"मोडलं?"

"मोडलं नाही. तीन ठिकाणी गेलंय."

"एवढुसं घड्याळ," मंदाबाई म्हणाली, "आन् तीन ठिकानी?"

तिनं शिव्या घातल्या असत्या तर आम्हाला बरं वाटलं असतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिली. मग म्हणाली, "बापाचं आमच्या घरात दुसरं काय बी न्हाई. मोबाइलात फोटू व्हता, त्यो मोबाइलसंगं गेला. सोमवारपासनं पोरीला वॉर्डात घालनार हायेत. आज गुरवार." आणि तिची नजर माझ्या मनगटावर गेली. तिनं न विचारता माझा हात धरला, घड्याळ काढून पालथं केलं. मागच्या झाकणावर काही ओरखडे होते. मी ते कारखान्याचा नंबर समजत होतो.

"भिवा," ती म्हणाली. "माझ्या म्होरं खिळ्यानं कोरल्यालं हाय त्यानं."

मला कुठं बघावं कळेना. चार-पाच महिने मी एका माणसाचं नाव मनगटाला लावून फिरत होतो आणि एकदाही वाचलं नव्हतं. मी घड्याळ तसंच काकांच्या ताटात ठेवलं. मंदाबाई उठली. "माझी नणंद हाय हितं रेल्वेच्या पल्याड. आज तिच्याकडं ऱ्हाते. उंद्या सकाळी येते," म्हणाली आणि चहा न पिताच गेली.

झाकण मिळालं. केस आणि पट्टा काकांच्या बिस्किटाच्या डब्यात होतेच. डायल आणि दोन मोठे काटे पास्टरसाहेबांच्या घड्याळात होते. आम्ही दोघं लगेच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि घड्याळ काढून दिलं. एवढंच म्हणाले, "दानियलभाऊ, दुसरी डायल बसवाल तेव्हा माझी दहा मिनिटं मला परत मिळतील का?" काका म्हणाले, "विचार करतो."

राहिलं मशीन आणि सेकंदाचा काटा. परतताना काका चर्चच्या फाटकाशी थांबले आणि सावकाश म्हणाले, "ते रोहनच्या घड्याळात आहे."

मी हिशोब मांडायला लागलो. बंगळूरहून कुरियर म्हणजे चार दिवस, मध्ये रविवार. कुणी ओळखीचा पुण्यापर्यंत येणारा असेल तर बघता येईल. "थांबा, मी रोहनलाच फोन लावतो," असं म्हणून मी खिशातून मोबाइल काढला. काकांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की मी बघतच राहिलो.

"फोन करू नकोस," ते म्हणाले. "मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान न उघडताच काकांकडे गेलो. दार उघडंच होतं. ताटात मंदाबाईच्या बापाचं घड्याळ चालू होतं, सेकंदाचा काटा एकसारखा फिरत होता. त्याच्या शेजारी दुसरं एक घड्याळ उपडं पडलं होतं. सुंदर केस, नवा करकरीत पट्टा, झाकण काढलेलं आणि आत काही नाही. पट्ट्याला पुठ्ठ्याचा तुकडा होता: 'श्रीरामपूर–बंगळूर'. मशीन पाथर्डीचं, पण त्यावर पाथर्डी कुठेच नव्हतं.

काका ताटाकडे बघतच बोलले.

"नेलंच नाही रे त्यानं. मी हातात बांधलं, तर म्हणाला, पप्पा, कुणाकुणाचे तुकडे आहेत हे, मी नाही घालणार. रागानं नाही म्हणाला. हसूनच म्हणाला. निघताना टेबलावर ठेवून गेला." मग म्हणाले, "रोज सकाळी चावी देत होतो. अचानक आलाच, तर बंद सापडायला नको."

साहेब, मद्रासी मित्र, लिफ्टमधली बाई, सगळे माझ्या डोळ्यांपुढून एकेक करून उतरून गेले. मला काकांचा राग आला नाही. स्वतःचा आला. रोज दुपारी मी त्यांच्या खोलीत झोपायला जात होतो, आणि त्यांना कुणीतरी जागं हवं होतं.

"आणि नियमाचं म्हणशील," काका म्हणाले, "तर तो मी आडोशाला घेतला. पाथर्डीच्या गाड्या जन्मभर मीच सोडल्या. टोळी कधी परत येते, हे मला ठाऊक नाही होय? सगळं ठाऊक होतं. पण रोहन यायचा होता, आणि घरात ह्या मशीनच्या तोडीचं दुसरं नव्हतं."

तेवढ्यात मंदाबाई आली. काकांनी उभं राहून दोन्ही हातांनी घड्याळ तिला दिलं. तिनं आधी पालथं करून नाव बघितलं. मग कानाशी धरलं आणि डोळे मिटले. चाळीस घड्याळांच्या आवाजात तिला ते एक कसं ऐकू येत होतं कोण जाणे, पण येत होतं. उन्हाचा पट्टा तिच्या पायांशी आला होता. डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते आणि ते तिनं लपवले नाहीत.

"काटा बराबर फिरतोय न्हवं, बाबा? पोरीची नाडी चुकाया नको."

"मोजून बघा," काका म्हणाले.

"मला येतंय. पोरीनं शिकवलंय फोनवर." ती स्टुलावर बसली. "आना हात."

काकांनी हात पुढे केला. मंदाबाईनं कोयत्यानं घट्टे पडलेली दोन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवली, थोडी सरकवली, नाडी सापडली. दुसऱ्या हातात घड्याळ धरून ती ओठांतल्या ओठांत मोजू लागली. मी दाराशी उभा होतो. खाली गल्लीत एक टेम्पो रिव्हर्स घेत होता, तो थांबला. काका खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा चेहरा इतका निवांत मी काकू गेल्यापासून बघितला नव्हता. सेकंदाचा काटा एक फेरी पुरी करून वर आला.

"चौऱ्याऐंशी," मंदाबाई म्हणाली आणि बोटं उचलायला लागली.

काकांनी हात काढला नाही.

"पुन्हा एकदा मोजा, बाई," ते म्हणाले. "पहिल्या खेपेला चुकतं माणसाचं."

मोजणं चुकलेलं नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मंदाबाईनं काकांकडे एकदा नीट बघितलं, बोटं परत मनगटावर ठेवली आणि काटा वर यायची वाट बघत बसली.